मॅगेलनपासून सुरुवात करू नका

प्रश्न : मी मूळची सांगलीची. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये समाजशास्त्र शिकवते. यंदा नववीच्या एथ्निक स्टडीजमधला (अमेरिकेतल्या वांशिक समाजांचा अभ्यास) फिलिपिनो इतिहास आणि संस्कृतीचा सहा आठवड्यांचा घटक माझ्याकडे आलाय, मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर. रोज ५० मिनिटांचा एक तास. वर्गात ३४ मुलं, त्यांतली ११ फिलिपिनो. तिघं दोन वर्षांपूर्वी आलेली, बाकीची इथलीच. पाठ्यपुस्तकात अर्धं पान आहे. गेल्या वर्षी लुम्पिया (तळलेले रोल) आणि बांबूनाच यांवर भागवलं गेलं आणि मुलं कंटाळली. एका फिलिपिनो पालकांनी आत्ताच बजावलंय की माजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसबद्दल एकतर्फी काही शिकवू नका. शिवाय मी मराठी. मला हे शिकवायचा अधिकार काय, असंही मनात येतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : कुठूनही करा, पण मॅगेलनपासून नको. स्पेनसाठी निघालेला हा दर्यावर्दी फिलिपिन्सला पोचला त्या १५२१ पासून निघालं की स्पेनची तीनशे वर्षं ओलांडता ओलांडता तीन आठवडे जातात. मुलं ज्या कॅलिफोर्नियात राहतात तिथे पोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आलेला असतो. मग डेलानोचा द्राक्षमजुरांचा संप एका तासात, मार्कोस अर्ध्या तासात आणि शेवटच्या शुक्रवारी लुम्पिया. मुलं कंटाळतात ती विषयाला नाही. हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी देशाचं आहे, आपलं नाही, असं त्यांना वाटतं म्हणून.

आधी तास मोजा. कागदावर ३० दिसतात. फायर ड्रिल, फोटोचा दिवस, होमकमिंगची सभा यांत चार-पाच जातातच. २५ धरून चाला. आमची वाटणी अशी : जनगणनेचा कागद २, १८९८ ते १९०२ चं युद्ध ४, शेतमजूर आणि त्यांचं स्टॉकटन शहर ५, डेलानो ५, स्पेनच्या आधीचं फिलिपिन्स २, १९६५ नंतरचं स्थलांतर आणि मार्कोसचा मार्शल लॉ ४, मुलाखतींचं सादरीकरण ३. स्पेनच्या राजवटीला वेगळा तास नाही, हे जाणूनबुजून. स्पेनविरुद्ध उभे राहिलेले रिझाल आणि बोनिफासियो यांची ओळख युद्धाच्या पहिल्या तासात पंधरा मिनिटांत होते आणि नववीला तेवढी पुरते.

पहिल्या दिवशी प्रस्तावना नको. १९३० च्या अमेरिकी जनगणनेचं एक पान हातात द्या. ही पानं राष्ट्रीय अभिलेखागारातून फुकट मिळतात. सॅन वाकीन काउंटीतलं, मजुरांच्या छावणीचं पान शोधा, किंवा तुमच्याच काउंटीत सापडलं तर फारच उत्तम. मोठ्या कागदावर छापा. मूळ हस्ताक्षर वाचता येत नाही म्हणून मुलं पाचव्या मिनिटाला सोडून देतात, तेव्हा त्यातल्या दहा ओळी टाइप करून सोबत जोडा. वंशाच्या रकान्यात 'फिल' असा संक्षेप दिसेल. नाव, वय, लग्न झालंय का, धंदा एवढेच रकाने वाचायला सांगा आणि विचारा, काय दिसतं? पुरुष, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे, अविवाहित, शेतमजूर. बाया कुठे आहेत, असं कुणीतरी विचारेलच. उत्तर देऊ नका, प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. पुढचे दोन आठवडे त्यावरच चालतात.

तुमच्या अधिकाराचं उत्तरही याच जनगणनेत आहे. त्या वर्षीच्या सूचनांत 'फिल'च्या जोडीला 'हिन' असाही संक्षेप होता, म्हणजे हिंदू. त्यात पंजाबी शीख, मुसलमान सगळे कोंबलेले. स्टॉकटनला १९१२ पासून गुरुद्वारा आहे आणि त्याच शहरात लिटल मनिला ही फिलिपिनो वस्ती वसली. पुढे १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने ज्या दोन समाजांना नागरिकत्वाचा हक्क एकाच कलमाने मिळाला, ते म्हणजे फिलिपिनो आणि हिंदुस्थानी. वर्षाला प्रत्येकी १०० जणांचा कोटा. तुम्ही परक्या नाही आहात आणि घरच्याही नाही. वर्गात हे एकदा स्वच्छ सांगा नि पुढे चला. रोज उठून माफी मागणारी शिक्षिका मुलांना आवडत नाही.

मात्र त्या ११ मुलांना माहितीचा खजिना समजू नका. "तुमच्या घरी हे कसं करतात?" असं वर्गासमोर विचारलं की मूल गप्प होतं किंवा काहीतरी ठोकून देतं. इथे जन्मलेल्यांना टागालोग येत नसते आणि त्याची त्यांना लाज वाटत असते. शिवाय सगळ्यांची घरची भाषा टागालोग नसतेच : इलोकानो असेल, सेबुआनो असेल, कापाम्पांगान असेल. महाराष्ट्रातल्या कोकणी घरातल्या मुलाला "तुमची मराठी" म्हटल्यावर जे होतं तेच इथे होतं. आडनाव पाहून फिलिपिनो मूल लॅटिनो समजलं जातं, तेही एकदाच उलगडून टाका. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढून आडनावांची यादीच वाटली. वसुली आणि नोंदी सोप्या व्हाव्यात एवढाच हेतू. दहा मिनिटांत होतं आणि गार्सिया-सांतोस आडनावांची मुलं ताठ बसतात.

युद्धाचे चार तास. हे मजूर व्हिसाशिवाय आले कसे, हा प्रश्न धरून आत शिरा. उत्तर सरळ आहे : फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होतं, म्हणून ते 'नॅशनल' होते, म्हणजे परदेशी नाहीत आणि नागरिकही नाहीत. १२ जून १८९८ ला कावितमध्ये क्रांतीचा पुढारी आगिनाल्दोने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेनने तोच देश २ कोटी डॉलरला अमेरिकेला दिला. या दोन तारखा फळ्यावर एकमेकींसमोर लिहा, भाष्य करू नका. ४ फेब्रुवारी १८९९ ला युद्ध पेटलं; ४ जुलै १९०२ ला संपल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. ४,२०० हून अधिक अमेरिकी आणि सुमारे २०,००० फिलिपिनो लढवय्ये मेले. हिंसा, दुष्काळ आणि रोगराईने मेलेल्या सामान्य लोकांचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो.

इथे एक सबंध तास नावावर घालवा. अमेरिकी कागदपत्रं याला बराच काळ 'इन्सरेक्शन', म्हणजे बंड म्हणत आली. बंड म्हटलं की सरकार आधीपासून कायदेशीर ठरतं. युद्ध म्हटलं की समोर दुसरा देश असतो. १८५७ ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, हा वाद ऐकत आपण वाढलो, म्हणून हा तास तुम्हाला इतर कुणाहीपेक्षा चांगला जमेल. अमेरिकी अध्यक्ष मॅकिन्लींचा २१ डिसेंबर १८९८ चा जाहीरनामा घ्या, तो 'बेनेव्होलंट अ‍ॅसिमिलेशन' म्हणून ओळखला जातो. त्यातला एकच परिच्छेद द्या. नव्याने आलेल्या तिघांना अवघड शब्दांची छोटी यादी आदल्या दिवशी द्या, त्याच दिवशी दिली तर उपयोग नाही.

एक धोका सांगून ठेवतो. त्या काळची व्यंगचित्रं आणि १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनातले इगोरोत (फिलिपिन्समधला डोंगरी समाज) लोकांचे फोटो इंटरनेटवर सहज सापडतात आणि दाखवण्याचा मोह होतो. पूर्वतयारीशिवाय पडद्यावर टाकले तर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये फिलिपिनो मुलांना कुत्रा खाण्यावरून चिडवलं जातं. दाखवायचंच असेल तर आधी फोटोखालची ओळ वाचा. फोटो कुणी काढला, तिकिटाचे पैसे कुणाला गेले, हे विचारा. प्रतिमा शेवटी, तीही एकच.

शेतमजुरांच्या भागात फळ्यावरचा प्रश्न सोडवायचा. बाया का नाहीत? मळेवाल्यांना एकटे, हंगामानुसार हलणारे मजूर हवे होते आणि गोऱ्या बाईशी लग्न करायला कॅलिफोर्नियात बंदी होती. १९३३ मध्ये साल्वादोर रोल्दान हा फिलिपिनो असं लग्न करण्यासाठीचा खटला जिंकला, कारण कायद्यात 'मलाय' हा शब्द नव्हता. विधिमंडळाने त्याच वर्षी तो घातला. बंदी पडली ती १९४८ मध्ये. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिलला जमावाने मजुरांवर हल्ले केले, त्यात फर्मिन तोबेरा हा तरुण झोपायच्या जागी गोळी लागून मेला. १९३४ च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्याने स्वातंत्र्याचं वचन दिलं आणि त्याच फटक्यात फिलिपिनोंना परदेशी ठरवून वर्षाला ५० जणांचा कोटा लावला. वचन आणि दरवाजा एकाच कागदावर, हे मुलांच्या लक्षात राहतं. 'मानोंग' हा शब्द याच भागात शिकवा. इलोकानोत थोरल्या भावाला मानोंग म्हणतात. आपण अनोळखी वडीलधाऱ्याला 'दादा' म्हणतो तसा आदर त्यात आहे. त्या पिढीतल्या मजुरांना आजही याच नावाने ओळखतात.

आता डेलानो. मुख्याध्यापकांनी "हे अभ्यासक्रमात कुठे आहे?" विचारलं तर कॅलिफोर्नियाचा २०१३ चा एबी १२३ कायदा दाखवा. शेतमजूर चळवळीतलं फिलिपिनोंचं योगदान शिकवण्यात यावं, असं तो सांगतो. राज्याच्या २०२१ च्या आदर्श एथ्निक स्टडीज अभ्यासक्रमात लिटल मनिला, फिलिपिनो मजूर आणि युनायटेड फार्म वर्कर्स (डेलानोच्या संपातून घडलेली संघटना) यांवर तयार पाठही आहे. तो पाया म्हणून घ्या.

मुलांना मेक्सिकन मजुरांचा पुढारी सेझार चावेझ माहीत असतो, म्हणून गोष्ट आठ दिवस आधीपासून सांगा. ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानोच्या द्राक्षबागांत फिलिपिनो मजूर कामावर गेले नाहीत. त्यांची शेतमजूर संघटना होती एडब्ल्यूओसी. पुढारी लॅरी इत्लिओंग, सोबत फिलिप वेरा क्रूझ, पीट वेलास्को. मागणी ताशी १.४० डॉलर आणि खोक्यामागे २५ सेंट. हे मुलांकडून करून घ्या : दहा तासांचा दिवस आणि ताशी चार खोकी धरली, तर २४ डॉलर. आकडा कागदावर आला की मागणी किती साधी होती ते कळतं.

फिलिपिनो एकटे संपावर राहिले तर मळेवाले मेक्सिकन मजूर आणणार, हे इत्लिओंगला अनुभवाने ठाऊक होतं. आधीच्या संपांत एका गटाविरुद्ध दुसरा गट असाच वापरला गेला होता. म्हणून तो चावेझकडे गेला. चावेझच्या मते त्याची संघटना अजून तयार नव्हती. १६ सप्टेंबरला त्यांनी मतदान करून साथ दिली. नाट्यीकरण करायचं तर हाच प्रसंग घ्या, मळेवाला विरुद्ध मजूर नको. त्यात कुणीतरी शिव्या देण्याचा अभिनय करतो, बाकीचे हसतात आणि तास संपतो. वर्गाचे सहा गट करा, सगळेच मेक्सिकन मजुरांचे. गंगाजळी नाही, तयारी नाही, पण शेजारच्या मळ्यात संप चालू आहे. वीस मिनिटं चर्चा, मग गुप्त मतदान. खरा निकाल मतमोजणीनंतरच सांगा. आधी सांगितला तर सगळे शहाण्यासारखे 'हो' म्हणतात.

पाच वर्षांनी, जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांशी करार झाले. गोष्ट इथे गोड संपवू नका. इत्लिओंग १९७१ मध्ये या एकत्र झालेल्या संघटनेतून बाहेर पडला. १९७७ मध्ये चावेझ मार्कोस सरकारच्या पाहुणचारावर मनिलाला गेला, त्याला विरोध करून वेरा क्रूझनेही ती सोडली. मार्कोसकडे जायचा दरवाजा तुम्हाला इथेच मिळतो. मार्कोस हा मनिलातला परका विषय राहत नाही, डेलानोच्या माणसांना पडलेला प्रश्न बनतो.

त्या पालकांबद्दल. मार्कोस इलोकोस नोर्तेचा, म्हणजे इलोकानो लोकांच्या प्रांतातला. कॅलिफोर्नियातल्या जुन्या फिलिपिनो घरांपैकी बरीच इलोकानो. त्या घरांत त्याच्याबद्दल अभिमान असू शकतो आणि २०२२ पासून त्याचा मुलगा राष्ट्राध्यक्ष आहे. म्हणून विशेषणं टाळा, कागद द्या. प्रोक्लमेशन १०८१ हा मार्शल लॉचा हुकूम, त्यावर तारीख २१ सप्टेंबर १९७२, लोकांना सांगितलं २३ ला. मग फिलिपिन्सच्याच संसदेचा २०१३ चा कायदा, रिपब्लिक अ‍ॅक्ट १०३६८, ज्याखाली त्या काळातल्या ११,१०३ जणांना मानवी हक्कभंगाचे बळी म्हणून मान्यता मिळाली. मग मार्कोसची सत्ता गेली ते फेब्रुवारी १९८६ चे मनिलातल्या एड्सा रस्त्यावरचे चार दिवस. पालकांना हे कागद आधीच पाठवा आणि एका ओळीत लिहा : फिलिपिन्स सरकारचे स्वतःचे दस्तऐवज वाचून मुलं प्रश्न तयार करतील. 'दोन्ही बाजू' म्हणून अर्धा तास गुणगान आणि अर्धा तास टीका अशी वाटणी करू नका. तुरुंगात छळ झालेल्या माणसाची 'दुसरी बाजू' धरणांची यादी नसते.

याच चार तासांत परिचारिका आणि इंटरनॅशनल हॉटेल बसवा. तुमच्या ११ मुलांपैकी दोघा-तिघांची आई किंवा मावशी नर्स असण्याची शक्यता दांडगी आहे. का, ते सांगा : अमेरिकी राजवटीत तिथे इंग्रजीतून, अमेरिकी धर्तीवर परिचारिका घडू लागल्या, १९४८ च्या एक्स्चेंज व्हिजिटर कार्यक्रमाने वाट उघडली आणि १९६५ च्या स्थलांतर कायद्याने रुंद केली. सॅन फ्रान्सिस्कोतलं हॉटेल म्हाताऱ्या मानोंगांचं घर होतं. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे, बाहेर हजारोंची साखळी उभी असताना, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं.

स्पेनच्या आधीचे दोन तास डेलानो झाल्यावर, थकलेल्या वर्गाला द्या. इथे तुमचं मराठीपण खऱ्या अर्थाने कामी येतं. मनिलाजवळच्या लागुना प्रांतात १९८९ मध्ये एक ताम्रपट उजेडात आला. त्यावरची तारीख : शके ८२२, वैशाख, कृष्ण पक्ष चतुर्थी, सोमवार. आपल्याकडे ज्या तिथीला संकष्टी धरतात, ती. मुलांना ७८ मिळवायला सांगा, इसवी सन ९०० येतं. मजकूर कर्जमुक्तीचा, नामवरान नावाच्या माणसाचा. मॅगेलनच्या सहाशे वर्षं आधी तिथे सोन्याचे हिशेब लिहिले जात होते, एवढं या एका पत्र्याने कळतं.

दुसरा तास बायबायिन या जुन्या टागालोग लिपीचा. १७ अक्षरं : तीन स्वर, चौदा व्यंजनं. प्रत्येक व्यंजनात आपल्यासारखाच 'अ' मुरलेला. वर टिंब दिलं की इ किंवा ए, खाली दिलं की उ किंवा ओ. शेवटचं मोकळं व्यंजन मूळ पद्धतीत लिहीतच नसत, वाचणाऱ्याने ओळखायचं. पाय मोडायची खूण, एक छोटा क्रूस, १६२० मध्ये एका स्पॅनिश धर्मगुरूने आणली. फळ्यावर 'क, कि, कु, क्' लिहून शेजारी बायबायिन लिहा, दहा मिनिटांत वर्गाला कळतं. मुलं चुकतात ती इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षराने उतरवून. आधी टाळ्या वाजवून नावाचे उच्चार तोडायला लावा, 'मि-शेल', मग 'श' नाही म्हणून 'स', आणि 'ल' गाळायचा की क्रूस द्यायचा ते त्यांनी ठरवायचं. लोक इंटरनेटच्या फॉन्टवरून चुकीची नावं दंडावर गोंदून घेतात. हे उदाहरण सांगितलं की वर्ग काळजीपूर्वक लिहितो.

गुरो, मुखा, दिवाता, कथा हे टागालोग शब्द फळ्यावर लिहायचा मोह तुम्हाला होणारच. लिहा. 'लक्सा' हाही लिहा, त्याचा अर्थ तिथे दहा हजार झालाय. पण "म्हणजे हे आपलंच" या वळणावर जाऊ नका. शब्द बहुतेक मलाय-जावाच्या व्यापारी वाटेने आले आणि तिथल्या लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे वापरले. स्पेनने केलं तेच आपण प्रेमाने करायचं, असं होऊ नये.

मुलाखतीचं काम तिसऱ्या आठवड्यात सुरू करा, शेवटी नाही. घरी दोघं दोन पाळ्यांत काम करत असतील तर एक रविवार मिळायला पंधरा दिवस लागतात. संमतिपत्र, १५ ते २० मिनिटांचं ध्वनिमुद्रण, आणि त्यातल्या फक्त तीन मिनिटांचं लिखित रूप. सबंध मुलाखत उतरवायला सांगितली की मुलं मध्येच सोडतात. "तुम्ही अमेरिकेत कसे आलात?" हा प्रश्न यादीत नको. कागदपत्रं नसलेल्यांना फिलिपिनो बोलीत 'टीएनटी' म्हणतात, 'तागो नांग तागो', सतत लपणारा. तुमच्या वर्गात असं घर असू शकतं आणि ध्वनिमुद्रण शाळेच्या ड्राइव्हवर राहतं. पहिली नोकरी, पहिलं भाड्याचं घर, गावाकडून मागवलेली वस्तू, असं विचारा. बाकीच्या २३ मुलांनाही हेच काम, त्यांच्या ओळखीच्या कुठल्याही स्थलांतरित किंवा शेतमजूर माणसाबरोबर.

टिनिक्लिंग, म्हणजे तो बांबूनाच, नाचवायचंच असेल तर लेयते बेटाचा नाच म्हणून, आणि नीट. आठ-नऊ फुटांचे दोन बांबू, खाली दोन लाकडी ठोकळे. मूळ ताल तीन मात्रांचा : एकदा बांबू एकमेकांवर, दोनदा ठोकळ्यांवर. चार मात्रांचं पॉप गाणं लावलं की पाय तिसऱ्या आवर्तनात बांबूंमध्ये अडकतो. पहिला दिवस जमिनीवर चिकटपट्टी लावून, बांबूशिवाय. खाण्याचं म्हणाल तर शाळेचे नियम पाहा आणि कारे-कारे या रश्श्यात शेंगदाणा, बागोओंग या आंबवलेल्या चटणीत कोळंबी असते हे आधी कळवा.

सादरीकरण २५ ऑक्टोबरच्या आसपासच्या शुक्रवारी ठेवा; तो कॅलिफोर्नियात लॅरी इत्लिओंग दिन. स्टॉकटनला फिलिपिनो अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि एल डोराडो-लाफायेटच्या चौकात उभं राहिलं की महामार्गाने लिटल मनिला कशी कापली ते डोळ्यांनी दिसतं. बसची मागणी ऑगस्टमध्येच टाका. सप्टेंबरात मागितलीत तर फुटबॉलवाल्यांनी आधीच नेलेली असते.